३२ हजारांचं मेण

आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी जमिनीवर एक गोल आहे, जेवणाच्या ताटाएवढा. त्यात ट्यूबलाइट स्वच्छ दिसते, पंख्याची पाती मोजता येतात, वाकून बघितलं तर माझं टक्कलही दिसतं. घरातली बाकीची सगळी फरशी राखेने घासलेल्या जुन्या पातेल्यासारखी झाली आहे. पैसे मात्र मी सगळ्या फरशीचे मोजले, आणि तेही त्या गोलाच्या भावाने.

कराडचं आमचं घर १९८९ सालचं. फरशी कोट्याची. तेव्हाचं पॉलिश मला चांगलं आठवतं. कार्बोरंडमच्या, म्हणजे घासायच्या खरखरीत दगडाच्या, विटा लावलेलं धूड मशीन चार-पाच दिवस घरघरत होतं, घोट्यापर्यंत राखाडी राडा, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून घासणं. इतक्या वर्षांत ती चमक गेलीच होती. यंदा गणपतीआधी फरशी करून घ्यायची असं हिच्या मनात होतं, आणि विजेच्या खांबावर चिकटवलेल्या एका कागदावर नंबर मिळाला. ‘डायमंड पॉलिश, आरशासारखी चमक.’

माणूस तरुण, गोड बोलणारा. मी शाळेत गणित शिकवायचो हे कळल्यावर दर वाक्याला ‘सर’. हातातल्या ग्राइंडरला मागे वेल्क्रो असलेली चार इंची चकती लावून त्याने दारापाशी नमुना करून दाखवला. या चकत्या म्हणजे रेझिनमध्ये बसवलेली हिऱ्याची भुकटी. आधी ५० नंबर, मग १००, २००, ४००, ८००, १५०० आणि शेवटी ३०००. नंबर वाढेल तशी भुकटी बारीक. बाटलीने पाणी सोडत, दर चकतीनंतर राडा पुसत त्याने सातही नंबर मारले. वीस मिनिटांत तो गोल तयार.

नमुना खरा होता. मी समजत होतो की फसवणारा माणूस नमुन्यातच काहीतरी हातचलाखी करत असेल. याने काडीचीही केली नाही. त्याला काम उत्तम येत होतं, म्हणून तर राग जास्त येतो.

भाव ठरला ४५ रुपये चौरस फूट, सात नंबर. माझ्याच डायरीच्या पानावर त्याने ते लिहून दिलं. सही नाही, पत्ता नाही. पंधरा हजार आगाऊ घेतले.

सोमवारी दहाला दोन पोरं मशीन घेऊन आली. प्लग नव्हता. सॉकेटमध्ये नुसत्या तारा खुपसून काड्यापेटीच्या काड्यांनी दाबल्या, आणि खाली पाणीच पाणी. तिथेच काम थांबवायला हवं होतं. मी फक्त ‘जपून रे’ म्हणालो. आवाज आणि चिखल सहन होईना म्हणून आईला घेऊन आम्ही दोघं वरच्या खोलीत जाऊन बसलो. पोरांनी जिन्याच्या दाराला प्लास्टिक लावलं. धूळ येऊ नये म्हणून, असं म्हणाले. ओल्या कामात धूळ कुठून येणार हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

मंगळवारी चारला काम संपलं. फरशी अशी चमकत होती की आईने हात जोडले. टेपने मोजमाप झालं, ७१२ फूट. ३२,०४० रुपये. ‘वरचे चाळीस राहू द्या सर,’ तो म्हणाला, आणि मला त्याच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. उरलेले सतरा हजार रोख देऊन टाकले.

पहिला इशारा फरशीने नव्हे, न्हाणीने दिला. तिसऱ्या दिवशी पाणी तुंबलं. पोरांनी सगळा राडा नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीतल्या जाळीखालच्या भांड्यात, ओतला होता. दगडाची ती भुकटी खाली बसून घट्ट होते. प्लंबरने सळईने फोडून बादलीभर काढली आणि वर ऐकवलं, ‘हा राडा बादलीत भरून बाहेर न्यायचा असतो, सर.’

पाऊस चालू होता. ओल्या छत्र्या ठेवायच्या कोपऱ्यात पांढरट डाग उमटले. ही ओल्या पायाने दोनदा घसरली. नशीब, भिंत हाताला लागली. रोजच्या पोछ्याने चमक उतरत गेली आणि तीन आठवड्यांत फरशी होती तशी झाली. खरं तर होती त्याहून वाईट, कारण सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की जमिनीवर चकल्या पाडल्यासारखे ओरखडे दिसायला लागले. गोलावर गोल, घरभर. दारापाशचं ताट तेवढं लखलखीत. तेही रोज त्याच फडक्याने पुसलं जात होतं.

फोन केला तर गडी लगेच आला, हेही सांगायला हवं. पळून गेला नाही. जमिनीकडे बघून त्याने मान हलवली. ‘फिनाईल वापरता ना सर? तिथंच चुकलं. वरून क्रिस्टल कोट मारावा लागंल. बारा रुपये फूट.’ क्रिस्टलायझेशन नावाचं काम खरोखर असतं. संगमरवरावर फ्लुओसिलिकेटचं द्रावण टाकून जड मशीनखाली स्टील वूलने घासतात, त्याने वरचा पातळ थर कडक होऊन चकाकतो. पण खाली दगड नीट घासलेला असला तर त्याचा उपयोग. ओरखड्यांवर तो कशाला मारायचा? हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी फक्त एवढं म्हणालो की सगळं घर नको, देवघरापुढची संगमरवरी पायरी तेवढी करून दे, बघू. अडीच हजार घेतले. एकदा ठकलेला माणूस त्याच माणसाला पुन्हा पैसे का देतो? माझ्यापुरतं सांगतो: मला मी ठकलोय हे मान्य करायचं नव्हतं. फिनाईलवर विश्वास ठेवणं सोपं होतं.

पायरी वडिलांनी बसवलेली, पांढरी, मकराण्याची. त्याने पिशवीतून बिननावाची बाटली काढून पायरीवर ओतली. फस्स करून फेस आला, नाकाला झोंबणारा वास. ‘मळ निघतोय सर.’ मळ कसला, दगडच निघत होता. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सहकारी नंतर घरी आले तेव्हा मला म्हणाले, ‘अहो, चुनखडीवर आम्ल टाकलं की फेस येतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, पोरांना प्रयोग करून दाखवत होतो ना आपण!’ संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कोटा म्हणजेही चुनखडीचाच दगड. संडासाच्या फरशीवर वापरतात तसलं ॲसिड होतं ते. धुतल्यावर त्याने चोळून काहीतरी पांढरं लावलं, कापडाने चमकवलं आणि गेला. त्यानंतर फोन उचलणं बंद.

ओगलेवाडीकडचे एक म्हातारे मिस्त्री, सगळा जन्म फरशीत गेलेला, त्यांना घेऊन आलो. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. ‘कापूस आना जरा, आन् थिनर.’ हॉलच्या मध्यावर थिनरचा बोळा दहा-बारा वेळा फिरवला. कापूस पिवळट, चिकट झाला आणि तेवढी जागा एकदम निस्तेज. मग तोच प्रकार ताटाएवढ्या गोलावर. कापूस जवळजवळ कोरा, चमक जागच्या जागी.

‘ह्ये पॉलिश न्हाई सर, मेण हाय. हितं दगूड चमकतोय, आन् तितं नुसतं मेण चमकत हुतं.’

मग जमिनीला गाल टेकून, मोबाइलची बॅटरी आडवी धरून त्यांनी मला ते ओरखडे वाचायला शिकवले. जाड गोल ओरखडे पन्नास नंबराचे. ते काढायला शंभर, शंभराचे काढायला दोनशे. प्रत्येक नंबराचं काम एवढंच की मागच्याचे ओरखडे पुसून स्वतःचे बारीक सोडायचे. शेवटी ते इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत, तीच चमक. मधला एक नंबर गाळला तर पुढची चकती कितीही फिरवा, खोल ओरखडा तळाशी तसाच राहतो. आणि दोन नंबरांच्या मध्ये फरशी धुवायलाच हवी, कारण पन्नास नंबरचा एक कण मागे राहिला तर तो आठशेच्या चकतीखाली नवी रेघ मारतो. पाणी त्यासाठीच लागतं: राडा वाहून नेतं आणि चकती गार ठेवतं. कोरडी दाबली तर रेझिन तापून दगडावर रंग सोडतं. आमच्याकडे पन्नास आणि शंभर मारले, पुढे बहुधा एकदम आठशे, तेही झिजून सपाट झालेल्या चकतीने, मग ऑक्झॅलिक आणि त्यावर मेण. चकतीचा नंबर तिच्या पाठीवर असतो. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग वेगळे.

‘येका नंबराला तासाला शंभर फूट लई झालं,’ मिस्त्री म्हणाले.

एवढं ऐकलं आणि माझी मान खाली गेली. तीस वर्षं मी पोरांना काळ, काम, वेग शिकवला आहे. ५८४ फूट, सात नंबर, म्हणजे ४,०८८ फूट घासाई. तासाला शंभरने जवळपास ४१ तास, आठ तासांच्या दिवसाने पाच दिवस. पोरांनी चहा-जेवणासकट तेरा तासांत आवरलं. हे गणित नापास होणाऱ्या पोरानेही सोडवलं असतं, आणि मी वर बसून चहा पाठवत होतो.

आता ५८४ कुठून आले ते. मिस्त्री गेल्यावर मी स्वतः टेप घेऊन बसलो. त्याचे ७१२. जास्तीच्या १२८ पैकी ३४ फूट भिंतीतल्या कपाटांखालची आणि ओट्याखालची जागा, जिथे मशीन जाऊच शकत नाही. उरलेले ९४ म्हणजे स्कर्टिंग, भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी: १८८ फूट लांबी, अर्धा फूट उंची, दारांची रुंदीसुद्धा वजा न करता, पूर्ण भावाने. त्या स्कर्टिंगवर फक्त मेणाचं फडकं फिरलं होतं. त्याचेच ४,२३० रुपये. एवढं करून वरचे चाळीस त्याने सोडले होते.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण माझ्या हातात बिल नाही, पैसे रोख दिलेले, आणि डायरीचं एक पान, ज्यावर त्याचं नावही नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहू?

तुमच्याकडे असं काम निघालं तर घर सोडून वर जाऊन बसू नका. दर नंबरानंतर मशीन थांबवायला सांगा, फरशी धुऊन कोरडी करून घ्या आणि बॅटरी आडवी धरून स्वतः बघा. मागचे ओरखडे गेले नसतील तर पुढची चकती लावू देऊ नका. थिनरचा बोळा शेवटचे पैसे देण्याआधी फिरवा, माझ्यासारखा महिन्याने नव्हे. निदान तिसरा हिस्सा तीन-चार आठवड्यांचा पोछा होईपर्यंत हातात ठेवा. काम खरं असेल तर करणारा कुरकुरेल, पण थांबेल. मापाला टेप तुमचा हवा. आणि कोटा असो की संगमरवर, बिननावाची बाटली दगडाच्या जवळही येऊ देऊ नका.

मिस्त्री हॉल पुन्हा करून देणार आहेत, पहिल्यापासून. दिवाळीनंतर, सवडीने. त्या गोलाला हात लावणार नाहीत, म्हणाले, त्यालाच माप धरून बाकीचं आणतील. पायरीला मात्र त्यांनी नकार दिला. ॲसिडने खाल्लेला थर काढायचा तर दगड बराच उतरवावा लागेल, आणि तिथे तो मुळातच पातळ आहे.

गौरी आल्या त्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे पायरीवर हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पुसायला गेली तर निघेना. पूर्वी ओल्या बोटाने जायचं. आई बराच वेळ घासत बसली होती. हळद अजून तशीच आहे.