कथलाचं पदक, दोन्ही बाजूंनी

ठाकूरद्वार नाक्याजवळ एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर फ्रेमवाल्यांचं छोटं दुकान आहे. देवाच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो हे त्यांचं रोजचं काम. मी घेऊन गेले ते दापोलीच्या घरातलं कथलाचं पदक.

आमचे एक पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई होते. १७९९ साली जनरल स्टुअर्टच्या हाताखाली कण्णूरहून कुर्गचे घाट चढून ते श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानावर गेले, असं घरात सांगतात. पदकावर नाव नाही. त्या विजयाची पदकं कंपनीने बिननावाचीच वाटली. वरच्या अधिकाऱ्यांना सोनं-चांदी, शिपायाला कथील.

मी पितांबरी लावणार होते, हे ऐकून दुकानातले काका दचकलेच. "ताई, घासू नका. कथील मऊ, नक्षी जाईल." मग भिंग लावून दोघांनी पाहिलं. एका बाजूला वाघाला लोळवणारा सिंह. वाघ म्हणजे टिपू. वर निशाणावर अरबी अक्षरं, 'असदुल्लाह अल-गालिब', म्हणजे देवाचा सिंह विजयी. टिपूच्या स्वतःच्या हत्यारांवर हेच शब्द असत! दुसऱ्या बाजूला तटावर चढणारी फौज आणि डोक्यावर सूर्य. ४ मेच्या भर दुपारी हल्ला झाला, टिपू लढताना पडला आणि अंधार पडल्यावर वेशीपाशी प्रेतांच्या ढिगात सापडला.

मी तटाची बाजू दर्शनी ठेवायला सांगितली. काका म्हणाले, "आणि वाघ भिंतीकडे?" त्यांचं बरोबर होतं. आमचा माणूस जिवंत परतला म्हणून आम्ही आहोत. पण परक्या कंपनीने इथल्याच शिपायांच्या बळावर एक राज्य बुडवलं. पुढे १८१७ मध्ये खडकीला हीच मुंबई फौज पेशव्यांसमोर उभी राहिली.

काकांनी दोन काचांमध्ये पदक बसवून मेजावर उभी राहणारी फ्रेम केली. लाकूड टेकू नये म्हणून भोवती अ‍ॅक्रेलिकची कडी. १,८०० रुपये झाले, ते मला योग्य वाटले. आठवड्याचं काम तीन आठवडे लांबलं आणि स्टँड आधी डुगडुगत होता; तो त्यांनी समोर बसवून, पैसे न घेता बदलून दिला. जुनी नाणी, पदकं असतील तर इथेच न्या. रोख ठेवा, संध्याकाळी गर्दी असते.

दादा आला की तटाची बाजू पुढे करतो. तो गेला की मी वाघाची.