१४ इंची बँडसॉ, नऊ महिने वापरल्यानंतर

बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची लाकूड कापायची करवत, आला तेव्हाच ठरवलं होतं की लगेच काही लिहायचं नाही, पहिल्या पंधरा दिवसांत कुठलंही नवीन मशीन छानच वाटतं. आता नऊ महिने झालेत, आठवड्यातले साधारण दोन दिवस मी त्यावर असते, दोन स्टुलं, एका बाकाचे वळणदार पाय, बऱ्याच छोट्या पेट्या आणि जाड लाकडातून चिरून काढलेल्या कितीतरी फळ्या एवढं काम त्यावर झालंय, म्हणून आता बोलते.

माझं वर्कशॉप म्हणजे एकच खोली, त्यात वर्कबेंच, ड्रिल प्रेस आणि भिंतीला टेकवलेलं लाकूड. मोठं मशीन एकच मावणार होतं, त्यामुळे टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत) की बँडसॉ यावर खूप दिवस घातले. लांब फळी चिरायची तर पुढेमागे मोकळी जागा दोन्हीला लागतेच, पण बँडसॉ स्वतः कोपऱ्यात उभा राहतो, जाड लाकूड उभं चिरू शकतो आणि वळणं कापतो. शिवाय टेबल सॉमध्ये ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, लाकूड त्यांच्यात अडकलं तर ते सरळ आपल्या अंगावर फेकलं जातं, बँडसॉमध्ये ब्लेड सतत खाली जातं आणि लाकूड टेबलावर दाबून धरतं. मी एकटी काम करते त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटलं. बोट मात्र कुठलंही मशीन कापतंच, पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) इथेही हवीच.

साइजबद्दल एक सांगते. १४ इंच म्हणजे चाकाचा व्यास. ब्लेड आणि मागचा खांब यांच्यामधली जागा त्याहून थोडी कमी भरते, माझ्या मशीनवर साडेतेरा इंच. १० इंची मॉडेल टेबलावर मावतात म्हणून आधी तिकडेच ओढा होता, पण त्यात उंची, म्हणजे किती जाड लाकूड ब्लेडपाशी मावतं ते, बहुतेक चार-पाच इंचच मिळते आणि मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि मला तर आठ इंच रुंद फळी उभी चिरून तिची दोन पानं शेजारी शेजारी लावायची होती. १४ इंचीमध्ये मग दोन प्रकार दिसले. एक जुन्या पद्धतीचा बिडाच्या फ्रेमचा, त्यात गाइडखाली (ब्लेडला बाजूंनी आणि मागून सांभाळणारा भाग) ६ इंच उंची मिळते, मध्ये फ्रेम उंच करणारा रायझर ब्लॉक बसवला की १२ होते पण मग साडेत्र्याण्णव इंचाऐवजी १०५ इंच लांबीचं ब्लेड लागतं, म्हणजे आधीची सगळी ब्लेडं बाद. दुसरा वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या बॉक्स फ्रेमचा, त्यात मुळातच उंची जास्त. मी दुसरा घेतला, १० इंच उंची, दीड हॉर्सपॉवर, आणि आठ इंचाची कडक फळी चिरतानाही मोटर कधी गुदमरली नाही, फक्त घाई करायची नाही.

घेताना मी एक गोष्ट करून पाहिली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. वरचं गाइड ब्लेडजवळ आणायचं, मग त्याचा दांडा पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन ब्लेड आणि गाइड यांच्यातली फट बदलते का बघायचं. बदलत असेल तर लाकडाची जाडी बदलली की दर वेळी गाइड नव्याने सेट करत बसावं लागणार. पहिल्या दुकानातल्या मशीनमध्ये ती फट स्पष्ट दिसेल इतकी सरकत होती, दिवा, डिजिटल डिस्प्ले वगैरे सगळं होतं त्यावर, तरी मी ते सोडलं.

आता खरा विषय. पहिले दोन महिने मला मशीन चुकीचं घेतलं असंच वाटत होतं. फेन्सला (लाकूड जिच्या कडेने सरळ सरकवायचं ती पट्टी) लावून फळी चिरली की कट डावीकडे पळायचा, आणि जाड लाकडात तर वरून खालून बरोबर पण मधे पोट आलेलं, एक फळी फुगीर आणि दुसरी खोलगट. मी फेन्स तिरकी केली, टेबल गुण्या लावून दहा वेळा तपासलं, चाकं एका रेषेत आहेत का बघितलं, काहीच फरक नाही. शेवटी मशीनबरोबर आलेलं ब्लेड काढून अर्धा इंची, ३ टीपीआय (एका इंचात तीन दात), हूक म्हणजे पुढे झुकलेल्या दातांचं ब्लेड लावलं आणि पहिल्याच कटला फळी सरळ निघाली. त्या दिवशी मी नुसत्या चिरून बघायच्या म्हणून टाकाऊ तुकड्यांच्या सहा पातळ पट्ट्या काढल्या, इतका आनंद झाला होता.

कारण नंतर नीट कळलं. आधीचं ब्लेड ६ टीपीआयचं होतं, म्हणजे आठ इंच लाकडात एका वेळी ४८ दात, भुसा दातांच्या खाचेत भरून जातो, त्याला बाहेर पडायला जागाच नाही, ब्लेड तापतं आणि वाट सोडतं. ३ टीपीआयला तेच २४ होतात आणि खाचाही मोठ्या. उलट पातळ लाकडाला ३ टीपीआय लावलं तर कड फाटते, तिथे निदान तीन दात तरी लाकडात राहतील असं ब्लेड हवं. कट कायम एकाच बाजूला पळतो तो बऱ्याचदा त्या बाजूचे दात जास्त फाकलेले किंवा दुसऱ्या बाजूचे बोथट झाल्यामुळे, अशा वेळी फेन्स तिरकी करून काम भागतं पण मूळ दुखणं ब्लेडमध्येच असतं. त्यात ब्लेडचा ताण कमी असेल तर पोट येणारच.

ताणाचा काटा असतो तो फक्त स्प्रिंग किती दाबली गेली ते दाखवतो, त्यावर मी विसंबत नाही. गाइड टेबलापासून सहा इंच वर घेते आणि मशीन बंद असताना मधोमध बोटाने बाजूला दाबून बघते, पाव इंचापेक्षा जास्त सरकलं तर अजून ताण देते. मशीनच्या माहितीत पाऊण इंचापर्यंत ब्लेड चालतं असं छापलंय, बसतंही, पण पाऊण इंची ब्लेड नुसतं रुंद नसतं, बहुतेक वेळा जाडही असतं, त्याला तेवढाच ताण यायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो आणि या साइजच्या फ्रेमला तो झेपत नाही. अर्धा इंच नीट ताणलेलं कधीही चांगलं. काम संपलं की ताण सैल करते आणि हँडलला चिठ्ठी अडकवते, नाहीतर दुसऱ्या दिवशी तसंच चालू व्हायचं.

वळणांसाठी पाव इंची ब्लेड ठेवलंय, ते साधारण पाच अष्टमांश इंच त्रिज्येत वळतं, अर्धा इंची ब्लेडला अडीच इंच लागतात, त्याहून कमीत जबरदस्ती केली की पिळतं. बदलायला, गाइड सेट करायला मिळून पंधरा मिनिटं जातात म्हणून सगळी वळणं एका दिवशी उरकते. एकदा पाव इंची लावून गाइडमधले बाजूचे बेअरिंग मागे घ्यायला विसरले, चालू केल्या केल्या दात बेअरिंगमध्ये घासले आणि दातांचा फाक (आलटून पालटून दोन्ही बाजूंना असलेला वाक) गेला, नवं कोरं ब्लेड एका मिनिटात फुकट. बेअरिंग दातांच्या खाचांच्या मागेच राहिले पाहिजेत, कागदाएवढी फट ठेवून, आणि मागचं बेअरिंग रिकाम्या ब्लेडवर फिरता कामा नये, लाकूड लावल्यावरच फिरायला हवं.

एक ब्लेड मापाप्रमाणे जोडून घेतलं होतं, ते दर फेऱ्याला टक टक वाजायचं. मी सांधा हाताने चाचपला, पाठीकडे चक्क पायरी लागत होती. तरी वापरलं आणि दुसऱ्या आठवड्यात ते मोठा आवाज होऊन तुटलं, कव्हर बंद होतं म्हणून मला काही लागलं नाही. आता नवं ब्लेड आलं की आधी सांधाच बघते. बँडसॉचं पेटंट विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं होतं पण टिकणारा सांधाच जमत नव्हता म्हणून मशीन कितीतरी वर्षं मागे पडलं, मग १८४६ मध्ये फ्रान्समध्ये ॲन पोलिन क्रेपँ या बाईंनी ब्लेड जोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हे वाचल्यापासून त्या सांध्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

दुसरा धडा गोल दांड्याचा. हाताने धरून आडवा कापायला गेले, ब्लेडने तो गरकन फिरवला, ब्लेड वाकडं झालं आणि अंगठा थोडक्यात वाचला. आता व्ही आकाराची खाच पाडलेला ठोकळा कायम शेजारी असतो, गोल काहीही असेल तर त्यातच.

भुशाचं मला समाधान नाही. चार इंची एकच तोंड आहे तेही खालच्या पेटीत, टेबलाखालचा भुसा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, खालच्या चाकाच्या रबरावर थर बसतो आणि ब्लेड उड्या मारायला लागतं. मी चाकाला टेकेल असा एक जुना ब्रश आत बसवलाय, त्याने बराच फरक पडला, मास्क मात्र लागतोच. वजनही भरपूर, जागेवर बसवायला तीन माणसं लागली. कटचा पृष्ठभाग खरबरीत येतो, त्यामुळे मी दीड-दोन मिलिमीटर जास्त ठेवूनच कापते आणि मग रंधा मारते.

ज्यांचं काम मुख्यतः प्लायवूडचं आहे त्यांना मी हे घ्या असं म्हणणार नाही. मागे साडेतेरा इंचांवर खांब आडवा येतो, मोठ्या शीटचा रुंद तुकडा काढताच येत नाही, मी स्वतः अजून शीट जमिनीवर थर्मोकोलवर टाकून, सरळ पट्टी क्लॅम्प करून हातातल्या सर्क्युलर सॉनेच कापते.