थंडीतलं जंगल: ताडोबा की कान्हा?

वाघ हवा तर ताडोबा, जंगल हवं तर कान्हा, असं सरसकट सांगितलं जातं. थंडीपुरतं मला हे अर्धंच पटतं. डिसेंबरात ताडोब्यातलं गवत उंच असतं, बांबू दाट, सागाची पानंही अजून झाडावरच. पाणी जागोजागी असल्याने वाघ पाणवठ्यावर येऊन बसेलच असं नाही. ते सुख एप्रिल-मेचं. चंद्रपूरकडची थंडी मात्र सोसवते. सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर मी डोळे मिटून ताडोबाच म्हणेन.

कान्ह्याची थंडी बोचरी. पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी, हातमोजे, वर घोंगडी घेऊनही दात वाजतात आणि कुरणावरचं दव गोठून पांढरं पडलेलं असतं. पण बारशिंग्यांच्या माजाचे दिवस हेच. शिंगांत गवताचे झुबके अडकवलेला नर धुक्यातून पुढे येतो, मान वर करून साद घालतो, तेव्हा वाघ राहिला बाजूला! १९७० मध्ये इथे जेमतेम ६६ बारशिंगे उरले होते, हे ठाऊक असलं की ती साद वेगळीच ऐकू येते.

सुट्टीचे वार मात्र बघून घ्या: ताडोबा मंगळवारी बंद, कान्ह्यात बुधवारी दुपारची सफारी नसते. आणि नाताळात जायचं तर आधी सफारीचं बुकिंग, मग खोलीचं. आम्ही एकदा उलटं केलं आणि दोन दिवस खोलीत पत्ते कुटत बसलो.