जोडण्या दोन, फायबर एकच

आमचे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय नाशिकमध्ये आहे आणि विवरणपत्रांच्या ३१ जुलैच्या मुदतीआधी तासभर जरी इंटरनेट बंद पडले तरी आमची तारांबळ उडते. म्हणून एका पुरवठादाराकडून आम्ही फायरवॉल (कार्यालय आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा, एक लाइन गेली की दुसरीवर जाणारा डबा) बसवून घेतला आणि त्याला वेगवेगळ्या नावांच्या दोन कंपन्यांच्या लाइन जोडून घेतल्या. दुसऱ्या लाइनच्या स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे बाहेरून गाठता येणाऱ्या, न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यासाठी, दरमहा जादा रक्कमही मोजत होतो. काम संपल्यावर त्याने फायरवॉलमधली एक केबल उपसून दाखवली, इंटरनेट चालूच राहिले, आणि आम्ही समाधानाने धनादेश दिला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी जेसीबीने फायबर तोडली आणि दोन्ही लाइन एकाच क्षणी गेल्या. पुरवठादाराने तो योगायोग ठरवला. मी गच्चीवर जाऊन पाहिले, तेव्हा आमच्या दोन्ही केबल पाण्याच्या टाकीमागील एकाच डब्यात शिरताना दिसल्या. आत एक लहान स्विच (एका लाइनला अनेक केबल जोडणारे उपकरण) होता आणि डब्यातून रस्त्याकडे जाणारी फायबर एकच होती. दुसरी 'कंपनी' म्हणजे पहिलीचीच लाइन आपल्या नावाच्या बिलावर विकणारा स्थानिक केबलवाला निघाला.

पुढे खोदत गेलो तसे आणखी निघाले. दुसऱ्या राउटरला मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते कंपन्या स्वतःच्या जाळ्यात वापरतात, त्यामुळे बाहेरून त्यांच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. घरून कार्यालयाच्या संगणकांशी जोडणारे व्हीपीएन लागत नसे ते याच कारणाने, आणि दोष मात्र माझ्या घरच्या राउटरला दिला जात होता. शिवाय लाइन जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी फायरवॉल आमच्याच टेबलावरच्या राउटरला पिंग करत होता, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहत होता. राउटरला वीज असेपर्यंत उत्तर येणारच, तेव्हा लाइन खरोखर वेगळ्या असत्या तरी फायरवॉल दुसरीवर गेलाच नसता. केबल उपसण्याचे ते प्रात्यक्षिक नेमके हेच झाकत होते, कारण फायरवॉलचीच केबल काढली की राउटरचे उत्तरही थांबते.

आता दुसरी जोडणी मोबाइल कंपनीच्या सिमवर आहे, पिंग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवर असलेल्या गूगलच्या सर्व्हरला, जातो, आणि चाचणी घेताना आम्ही राउटरमध्ये बाहेरून येणारी फायबर काढतो, फायरवॉलची केबल नव्हे. पैसे परत मागितले तेव्हा पुरवठादार शांतपणे म्हणाला, "साहेब, बिलावर दोन जोडण्या लिहिल्या आहेत, दोन मार्ग कुठे लिहिले आहेत?"