दस्त्याच्या ‘ऑइल फिनिश’खाली काय दडवले होते

जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता दुरुस्तीला देणार असाल तर एक अट आधीच घाला: फिनिशचा पहिला हात मारण्यापूर्वी कोरे लाकूड मला दाखवायचे. कारागीर म्हणाला, “कशाला खेपा मारता साहेब, एकदम तयार झाल्यावरच बघा,” तर दस्ता उचला आणि घरी आणा. मला असेच म्हणणारा भेटला होता. पुढे त्याने काय केले ते सविस्तर सांगतो, कारण हे काम असे आहे की फसवलेले वरून दिसतच नाही.

रायफल माउझर पद्धतीची, बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची. दस्ता अक्रोडाचा, एकसंध. वापरलेली घेतल्यामुळे पोचे, ओरखडे, घामाने काळवंडलेली मूठ हे सगळे गृहीतच होते. खरे दुखणे मागे होते. काडतूस भरून झाडणारी धातूची यंत्रणा म्हणजे ॲक्शन; तिच्या मागच्या टोकाला पोलादाची शेपटी असते, टँग म्हणतात ती. तिच्या मागून मुठीच्या बारीक भागाकडे एक तडा गेला होता. आणि नेमके तिथलेच लाकूड तेल पिऊन काळे झालेले. नळी वर करून रायफल वर्षानुवर्षे उभी ठेवली की बंदुकीचे तेल खाली उतरत उतरत तिथेच मुरते. असे लाकूड मऊ पडते आणि त्यावर कुठलाही चिकटपदार्थ धरत नाही.

काय काय करायचे ते मी लिहूनच दिले होते. मुरलेले तेल ओढून काढायचे, तडा उघडून त्यात इपॉक्सी भरायचे, आत आडवी पिन घालायची. पोचे वाफेने उठवायचे. चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या, रेषा पुन्हा कोरायच्या आणि शेवटी जवसाचे तेल हाताने चोळून मुरवायचे. फक्त लाकूड त्याच्याकडे दिले, धातूचा सगळा भाग माझ्या ताब्यात ठेवला. परवान्याचे शस्त्र दुसऱ्याच्या दुकानात पडू देऊच नये. बेडिंगसाठी, म्हणजे दस्त्यात ॲक्शनची बैठक पक्की करायला, ॲक्शन लागेल तेव्हा ती घेऊन मी समोर येऊन बसेन, असे ठरले होते.

ते बोलावणे आलेच नाही. आला तो थेट “तयार आहे” असा फोन, आणि तोही फार लवकर. बॉइल्ड लिनसीड तेलाचा पातळ हात वाळायला साधारण एक दिवस जातो, थंड किंवा दमट हवेत त्याहून जास्त. कच्च्या जवसाच्या तेलाला तर कित्येक दिवस. असे आठ-दहा हात द्यायचे आणि मधे घासायचे, म्हणजे काम आठवड्यांचे. तेल ओढून काढण्याचा वेळ वेगळाच: खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप लावायचा, पूड तेल पिऊन पिवळी पडली की झटकायची, पुन्हा लावायची. घाई करून होणारे हे काम नव्हे.

दस्ता मात्र दिसत होता देखणा. गडद तपकिरी, आरशासारखा. चार लोकांनी कौतुकही केले.

रेंजवर मोजक्याच गोळ्या झाडल्या आणि टँगच्या मागे एक पांढुरकी रेघ उमटली. ॲक्शन उतरवून पाहिले तर जुना तडा जसाच्या तसा. त्यात पिन नव्हती, इपॉक्सी नव्हते. सुपरग्लू आणि लाकडाचा भुस्सा कोंबलेला, वर लांबी (पुट्टी) भरलेली. लांबीचा डाग लाकडात लपावा म्हणून संपूर्ण दस्त्याला गडद स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, फासलेला. चांगल्या अक्रोडाला इतका स्टेन कोण लावतो? लपवायचे असेल तोच.

मुळात तडा का जातो हेच त्याने पाहिले नव्हते. गोळी सुटली की ॲक्शन मागे धक्का देते. तो धक्का रिकॉइल लगने, म्हणजे ॲक्शनखालच्या पोलादी उंचवट्याने, दस्त्यातल्या भक्कम खांद्यावर टेकवायचा असतो. तो खांदा झिजला किंवा दबला की सगळा जोर टँगवर येतो, आणि टँग पाचरीसारखी मुठीत घुसून लाकूड फाडते. म्हणून तडा जोडण्याआधी लगची बैठक इपॉक्सीने नीट करायची आणि टँगच्या मागे किंचित फट ठेवायची. हे न करता तडा कितीही छान चिकटवला तरी तो पुन्हा उघडणारच.

आता ‘ऑइल फिनिश’. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी, काढली तर खालचे आडवे कापलेले लाकूड कोरडे ठक्क. खरे काम करणारा तिथे सर्वात जास्त तेल पाजतो, कारण दमटपणा आत शिरतो तो तिथूनच. कडेला चाकूची धार हलकी ओढली तर प्लॅस्टिकसारखी पापडी सुटून आली. तेल लाकडात मुरते, त्याची अशी साल निघत नाही. स्पिरिटचा थेंब ठेवला तर फिनिशला काहीच झाले नाही, म्हणजे लाखेचे पॉलिशही नव्हते. पॉलियुरेथेन वार्निश होते, तेलाच्या नावाने दिलेले.

सर्वात वाईट वाटले ते घासकामाचे. पोचा म्हणजे दबलेले रेषे. जुने फिनिश काढून ओले फडके ठेवायचे, वर गरम इस्त्री टेकवायची, रेषे फुगून वर येतात. रेषे तुटलेले असतील तिथे वाफ चालत नाही, पण माझे बहुतेक पोचे साधे होते. त्याने मशीन फिरवून पोच्याच्या तळापर्यंत लाकूडच उतरवले. त्यात चेकरिंगची टोके सपाट झाली, कडा गोल झाल्या, आणि जिथे लाकूड धातूपेक्षा केसभर वर असायला हवे तिथे ते खाली गेले. लष्करी रायफल असेल तर आणखी जपा. एम१ गॅरंडसारख्या दस्त्यांवर तपासनिसांचे ठसे असतात आणि संग्राहक ते बघूनच किंमत करतात. सँडपेपरने ते गेले की गेले.

जाब विचारला तेव्हा उत्तरे ठरलेली होती. आधी “लाकूडच आहे साहेब, तडकणारच.” मग “तुम्ही जास्त दाबाची काडतुसे वापरली असणार.” वार्निशचे विचारले तर म्हणाला, “त्यातही तेल असतंच की!” लिहून दिलेली यादी पुढे केली, त्यावर त्याची सही नव्हती. तुम्ही घ्या. आणि तडा, ठसे, चेकरिंग यांचे जवळून फोटो दस्ता देण्याआधी काढा.

पुढे ज्याने काम नीट केले त्याच्या दुकानात तेलाच्या चिंध्या एकेक करून मोकळ्या वाळत टाकलेल्या होत्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून रोज तेल वापरणारा माणूस त्या कधी कोपऱ्यात कोंबत नाही. पहिल्याच्या दुकानात तेलाची एक चिंधी नव्हती, वासही नव्हता. होते ते स्प्रेचे डबे. या दुसऱ्या माणसाने तडा पक्का केला, बेडिंग मी समोर असताना केले. पण उतरवलेले लाकूड त्यालाही परत आणता आले नाही, आणि चेकरिंग उथळच राहिले, कारण खोल कोरायला तिथे जाडीच उरली नव्हती.

पैसे परत मिळाले नाहीत. पहिला कारागीर अजून जाहिरात करतो आणि त्यात माझ्या दस्त्याचा फोटो आहे, डावीकडून काढलेला. तडा उजवीकडे होता.