झाडीची जमीन, मोकळ्या जागेचा कर आणि नाशिकमधील एक सल्ला कार्यालय

म्हसरूळ शिवारात, चांभार लेण्यांच्या डोंगराकडे आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक उताराचा तुकडा आहे. त्यावर पळस, खैर आणि करवंदीच्या जाळ्या आपोआप माजल्या आहेत. मोकळ्या जागेवरील मालमत्ता कराचे बिल पाहून थोरल्या बंधूंनी सुचवले की, ही जमीन ‘वन’ म्हणून नोंदवून घ्यावी, म्हणजे कर टळेल. त्यासाठी आम्ही शहरातील एका खासगी जमीन-सल्ला कार्यालयात गेलो.

सल्लागारांनी पहिल्याच भेटीत हा विचार मोडून काढला, आणि माझ्या मते दिलेले पैसे तेथेच वसूल झाले. शेतसारा हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेखालचा, तर मालमत्ता कर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखालचा. त्यामुळे एका दप्तरातील नोंद बदलली म्हणून दुसऱ्यातील आकारणी आपोआप बदलत नाही, हे त्यांनी सातबारावर बोट ठेवून समजावले. आमच्या उताऱ्यावरील ‘पोटखराबा वर्ग अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून शेतसारा न बसलेले क्षेत्र. त्यावरून जमीन वन ठरत नाही. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने, मालकी कोणाचीही असली तरी, शब्दकोशातील अर्थाने जे वन तेही १९८० च्या वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत आणले, आणि अशा जमिनीच्या वनेतर वापराला केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. (२०२३ च्या दुरुस्तीनंतर ही व्याख्या पुन्हा न्यायालयात गेली, हेही त्यांनी लपवले नाही.) थोड्या करापायी आम्ही स्वतःहून जमीन अडकवून घेणार होतो.

खरी चूक निघाली ती आमच्याच जुन्या अर्जात: रस्तारुंदीकरणात गेलेली पट्टी क्षेत्रफळातून वजा करायची राहून गेली होती. मोजणी नकाशा जोडून त्यांनी हरकतीचा अर्ज नेटका लिहून दिला.

व्यवहाराची बाजू मात्र लंगडी आहे. शुल्क तोंडी सांगतात आणि ते शेवटी वाढते. डिजिटल स्वाक्षरीचा जो सातबारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो, त्याचे त्यांनी दर उताऱ्यामागे १०० रुपये लावले. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे सही करण्यासाठी आलेल्या आमच्या आईला दोनदा जिन्यात बसावे लागले. पाचपैकी साडेतीन गुण. जाणाऱ्यांनी उतारे आणि जुने फेरफार स्वतः काढून न्यावेत आणि शुल्क आधी लिहून घ्यावे. मागितले तर ते लिहून देतात.