सुप्त कासदाह ओळखायला काय निवडाल: सीएमटी, पेशीसंख्या की मायक्रोआरएनए?

कास सुजलेली नाही, दूध दिसायला स्वच्छ, आणि आत मात्र संसर्ग सुरू. हा सुप्त कासदाह पकडायचा असेल तर माझा कौल आजही सीएमटीलाच (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच करायची दुधाची चाचणी) आहे.

पहिल्या धारा टाकून द्यायच्या, चारही सडांचं दूध पॅडलच्या चार वाट्यांत वेगवेगळं घ्यायचं, तेवढंच सीएमटीचं द्रावण घालून गोल फिरवायचं. दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर त्या फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि मिश्रण जेलीसारखं दाटतं. कोणता सड बिघडलाय ते गोठ्यातच, काही सेकंदांत कळतं. प्रयोगशाळेतली पेशीसंख्या हेच आकड्यात सांगते: मिलिलिटरमागे २ लाखांच्या वर गेली की संसर्गाचा संशय घ्यायचा.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे. ते जनुकाच्या संदेशाला चिकटून प्रथिननिर्मिती आवरतात. १९९३ मध्ये एका कृमीत त्यांचा शोध लागला, २०२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. कासदाहाच्या दुधात मिर-२२३, मिर-१४६ए, मिर-१५५ या मायक्रोआरएनएंची पातळी वाढलेली आढळते. पण मिर-२२३ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये मुळातच भरपूर असतो. मग दुधातली त्याची वाढ ही बरीचशी पेशी वाढल्याचीच बातमी, आणि ती सीएमटी कितीतरी स्वस्तात देते! शिवाय जंतू कोणता, हे या तिन्हींपैकी कोणीच सांगत नाही. प्रतिजैविक ठरवायचं तर दुधाचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणं) करावंच लागतं.

संशोधनासाठी मात्र मी मायक्रोआरएनए आनंदाने निवडेन, विशेषतः जोन्स रोगासाठी (आतड्यांचा जुनाट जिवाणूजन्य आजार), कारण त्यात लक्षणं दिसायला वर्षं जातात. गाईंमधला ल्युकेमिया विषाणू तर स्वतःचेच मायक्रोआरएनए बनवतो आणि त्यातला एक गाईच्या मिर-२९ची नक्कल करतो. तिथे हे रेणू नुसती खूण नसून रोगाच्या यंत्रणेचाच भाग असू शकतात, म्हणून ते मोजण्यात खरा अर्थ आहे.

मायक्रोआरएनएसाठी नमुना घेताना कासेच्या आजारासाठी दूध घ्या. तिथे हे रेणू एक्सोसोमच्या (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या) आवरणात चांगले टिकतात. सगळ्या शरीरात पसरणाऱ्या रोगासाठी रक्त घ्या, पण हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत नको, ते पीसीआरला, म्हणजे हे रेणू मोजणाऱ्या चाचणीला, अडवतं. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) गुलाबी दिसलं तर तो नमुना बाजूला ठेवा: फुटलेल्या तांबड्या पेशींतला मिर-४५१ सगळं मोजमाप बिघडवतो.